लग्न, रजा आणि इतर कॅज्युअल्टी

१० जून १९९६, सोमवार

ही डायरी खरं तर ह्यांची. पलटणीने निरोपाच्या दिवशी एक घड्याळ, एक शाल आणि ही डायरी दिली. घड्याळ भिंतीवर लागलं, शाल कपाटात गेली. डायरी मात्र हे घेईनात. "माझ्याकडे लिहिण्यासारखं काय आहे?" म्हणाले. अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाने लिहिण्यापलीकडे दुसरं काही केलं नाही, तो असं म्हणतो म्हटल्यावर मी ती उचलली.

हे सुभेदार (क्लार्क) म्हणून एकतीस मेला निवृत्त झाले आणि बसवनगुडीच्या घरात कायमचे राहायला आले. आज दहावा दिवस. एवढ्यात स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर पडले आहेत. डबा क्रमांक चार म्हणजे तूरडाळ. काल मी किराणा यादीत "गुळ" लिहिलं आणि गिरवून "गूळ" केलं, तर म्हणाले, "असं गिरवायचं नसतं. चुकलेल्यावर एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर शब्द लिहायचा आणि बाजूला सही."

केली सही. गांधी बझारातल्या शेट्टींनी यादी उलटसुलट करून पाहिली. "अक्का, हे काय, चेक आहे?"

संध्याकाळी उमाकांत अण्णा आले. ह्यांच्याच पलटणीतले, चार वर्षांपूर्वी हवालदार म्हणून सुटले, आता एका सिक्युरिटी एजन्सीत आहेत. "साब, इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीला गेटवर सुपरवायझर पाहिजे. गाड्या आल्या की सॅल्यूट, गेल्या की सॅल्यूट. पंधरा ऑगस्टपर्यंत जागा धरून ठेवतो."

"सरी, बघू," हे म्हणाले. 'बरं'साठी आमच्या तोंडी कन्नडमधलं 'सरी'च. अण्णा गेल्यावर मला म्हणाले, "गेटवर उभं राहण्यात लाज नाही. पण मी टेबलाचा माणूस. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी सॅल्यूटसाठी नव्याने भरती होऊ?"

मलाही त्यांना टेबलाशी बसलेलं बघायचं आहे. एवढी वर्षं संसार केला, पण काम करताना ते कसे दिसतात ते मला माहीत नाही.

१४ जून, शुक्रवार

अवेन्यू रोडवरून जुना टाइपरायटर आला. दुपारभर बायोडेटा चालला होता. सौम्या कॉलेजातून आली, कागद उचलला आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. कागदावर लिहिलं होतं: वर्षाला सरासरी दोन हजार कॅज्युअल्टी हाताळल्या. एकाही बाबतीत तक्रार नाही.

"अप्पा, हे वाचून पोलीस येतील घरी!"

ह्यांना कळेना. मग आम्हाला समोर बसवून समजावलं. जवानाच्या आयुष्यात जे काही घडतं, ज्याने त्याच्या नोंदी बदलतात, त्याला लष्करी कागदात कॅज्युअल्टी म्हणतात. रजेवर गेला, कॅज्युअल्टी. परत आला, कॅज्युअल्टी. बढती, बदली, मूल होणं, सगळ्या कॅज्युअल्टी. त्या सगळ्या 'पार्ट टू ऑर्डर' नावाच्या कागदात टाइप करून रेकॉर्ड ऑफिसला पाठवायच्या. तिथे नोंद झाली नाही तर सरकारच्या दृष्टीने ती गोष्ट घडलेलीच नाही.

"आणि लग्न?" सौम्याने विचारलं.

"लग्न तर मोठी कॅज्युअल्टी," हे अगदी गंभीरपणे म्हणाले. "आमची मी स्वतः टाइप केली. पंच्याहत्तर साली. तीन प्रतींत."

सौम्या जमिनीवर लोळत होती. मलाही हसू आलं. पण बेळगावहून नवी नवरी होऊन मी ह्या शहरात आले, तेव्हा कुणीतरी दूर कुठे माझं नाव तीन प्रतींत टाइप करत होतं, हे ऐकून बरंही वाटलं.

तो शब्द काढा म्हटलं, तर ऐकेनात. "चुकीचा नाही. पुस्तकात आहे."

२५ जून, मंगळवार

पहिला इंटरव्ह्यू. कोरमंगलातली कॉम्प्युटर कंपनी, ऑफिस असिस्टंटची जागा. परत आल्यावर ह्यांनी सगळं क्रमाने सांगितलं, जसं साहेबाला रिपोर्ट द्यावा तसं.

एक. बाहेरच्या मुलीने "मिस्टर सिंग?" अशी हाक मारली आणि ह्यांच्या मागे बघत राहिली. बायोडेटावर फत्तेसिंग नाव वाचून तिथली माणसं पगडीवाल्या सरदारजीची वाट बघत होती. हे म्हणाले, सिंग नाही, राव, आम्ही इथलेच, तीनशे वर्षं झाली. तिने "ओह" म्हटलं, पण ती जरा हिरमुसली.

दोन. इंटरव्ह्यू घेणारा सौम्याहून पाचेक वर्षांनी मोठा असेल. "बसा" म्हणायचं विसरला. हे वीस मिनिटं उभेच. त्याला वाटलं ह्यांना बसायचं नाही, म्हणून शेवटी तोही उभा राहिला.

तीन. स्वतःबद्दल सांगा म्हणाला. ह्यांनी नंबर, हुद्दा आणि नाव सांगितलं. तो पुढच्याची वाट बघत होता, हे पुढच्या प्रश्नाची.

चार. तुमचा कमकुवतपणा कोणता? "डावा गुडघा, सर. पावसाळ्यात."

पाच. त्याने बायोडेटा वाचला आणि खुर्ची मागे सरकवली. "दोन हजार? दर वर्षी?" "हो सर." "त्यातले... आता कुठे आहेत?" "बरेचसे रजेवरून परत आले, सर."

"मग काय म्हणाला?" मी विचारलं.

"कळवतो म्हणाला. पत्ता मात्र लिहून घेतला नाही."

२ जुलै, मंगळवार

सौम्याने कुठूनतरी 'मुलाखतीचे शंभर प्रश्न' असं पुस्तक आणलं. आता रोज दुपारी तालीम. मी पाटावर बसून विळीवर भाजी चिरत मॅनेजर होते आणि हे समोर स्टुलावर उमेदवार.

"तुमच्या नोकरीतला सर्वांत अवघड प्रसंग सांगा."

"सगळं शांत होतं."

"असं कसं? अठ्ठावीस वर्षांत एक तरी असेल."

"अगं, आम्ही क्लार्क. अवघड प्रसंग दुसऱ्यांवर यायचे. आम्ही ते टाइप करायचो."

"मग ते सांगा! एकाहत्तरचं सांगा!"

"एकाहत्तरला टाइपरायटरच्या रिबिनी संपल्या होत्या."

मॅनेजरने विळी बाजूला ठेवून उमेदवाराला स्वल्प जोरात सुनावलं. उमेदवार "सरी, सरी" म्हणत दुधाची पिशवी आणायला गेला. हा माणूस काही सांगत कसा नाही? सांगण्यासारखं काही नाहीच, की मलाच सांगायचं नाही?

जाता जाता एक. सौम्याचा निकाल लागला, फर्स्ट क्लास. तिने जिलेबी आणली. ह्यांनी तिला जवळ घेतलं, पाठ थोपटली, पण जिलेबीला हात लावला नाही. कधीच लावत नाहीत. मैसूरपाक मात्र डबा क्रमांक अकरामधून मोजून चार खातात. माणसाच्या जिभेचं काही सांगता येत नाही.

११ जुलै, गुरुवार

दुसरा इंटरव्ह्यू. कपड्यांचा कारखाना, टाइमकीपरची जागा. मालक खूश झाला म्हणे. "माजी सैनिक! वा!" म्हणून त्याने अकाउंटंट, दोन सुपरवायझर आणि चहावाल्यालाही आत बोलावून घेतलं. "सांगा सांगा, लढाईचं सांगा."

हे मग रिबिनीचं सांगायला लागले. युद्ध चालू, रिबिनी संपलेल्या, वरून कागद मागताहेत. ह्यांनी जुन्या रिबिनीला बुटाचं पॉलिश आणि स्वल्प रॉकेल लावलं आणि सहा दिवस त्यावर काम चालवलं. अक्षर जरा तपकिरी यायचं, पण रेकॉर्ड ऑफिसने एकही कागद परत केला नाही. माझ्या मते ही गोष्ट चांगली आहे. मी पहिल्यांदाच ऐकली.

"आणि गोळी?" मालकाने विचारलं.

"वर्षातून एकदा, सर. रेंजवर. बऱ्यापैकी."

चहावाला आधी उठला. मग सगळेच. मालकाने जाताना ह्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, "मिशा छान आहेत. गेटवर शोभतील."

हे सांगताना ह्यांनी बनियनची घडी घातली, मोडली, परत घातली. मी म्हटलं, "मिशा तर छान आहेतच." हसले नाहीत.

नंतर मी न्हाणीघरात गेले, तर हे आरशासमोर कात्री घेऊन उभे होते. मी दारातच उभी राहिले. कात्री खाली ठेवली. "टोकं सारखी करत होतो," म्हणाले.

३ ऑगस्ट, शनिवार

आज बाळाचा दिवस. सतरा वर्षं झाली.

एक ऑगस्टला झाला, तीनला गेला. मी इथे सासरीच होते. मुलगा झाल्याची तार लगेच पाठवली होती. नंतरची बातमी सासऱ्यांनी पत्राने कळवली. फौजेतल्या मुलाला असली बातमी तारेच्या दोन शब्दांत कळू नये, असं त्यांचं म्हणणं. हे तेव्हा अरुणाचलात. रजा मिळून आले ते डिसेंबरात. आले, अंगणातली मोरी दुरुस्त केली, छपराची कौलं बदलली आणि गेले. त्याच्याबद्दल एक शब्द नाही.

तेव्हा मला रडू आवरत नसे. सासूबाई म्हणायच्या, "त्याचं नावसुद्धा ठेवलं नव्हतं, संयोगिता. बिननावाच्या लेकराला किती हाका मारशील?" त्यांनी मायेनेच म्हटलं होतं. पण खरं आहे, दिवा लावते तेव्हा काय म्हणून लावावा हेच मला कळत नाही.

आजही सकाळी लावला. हे आले, दिव्याकडे पाहिलं, आणि परसातला नळ दुरुस्त करायला गेले. तो नळ चांगला होता. आता गळतोय.

माणूस एवढा कोरडा असू शकतो का? दोन हजार लोकांच्या मुलांच्या तारखा पाठ आणि स्वतःच्या मुलाची नाही. लिहू नये, पण लिहिलं.

७ ऑगस्ट, बुधवार

सकाळी हे पेपर घेऊन जवळजवळ धावत आत आले. डावा गुडघा असून. "बघ! बघ हे!"

जाहिरात होती. नरसिंहराजा कॉलनीतल्या साठ खाटांच्या एका खासगी हॉस्पिटलला 'कॅज्युअल्टी क्लार्क' पाहिजे. अनुभवी असल्यास प्राधान्य. सोमवारी अकरा वाजता प्रत्यक्ष भेटा.

"कॅज्युअल्टी क्लार्क," हे परत मोठ्याने वाचत होते. "शब्द आहे की नाही? पुस्तकातला आहे!"

सौम्याने तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला. हॉस्पिटलातली कॅज्युअल्टी म्हणजे अपघाताचे, हार्ट अटॅकचे पेशंट आणतात ती खोली, हे ह्यांना कसं सांगू? दोन महिन्यांत पहिल्यांदा चेहरा उजळलेला. ते लगेच बायोडेटा नव्याने टाइप करायला बसले. खटखट ऐकून बरं वाटत होतं.

सौम्या स्वयंपाकघरात येऊन कुजबुजली, "आई, तिथे जाऊन फजिती होईल."

"होऊ दे. सोमवारी होईल ना? आज बुधवार आहे."

हे बरोबर केलं की नाही, मला कळत नाही.

११ ऑगस्ट, रविवार

उमाकांत अण्णा गेटवरचा युनिफॉर्म मापासाठी घेऊन आले. निळा शर्ट, खांद्यावर पिवळी दोरी, टोपी आणि शिट्टी. "साब, परवा-तेरवा सांगा. पंधराला मला नाव द्यायचंय." ह्यांनी टोपी घातली. खरंच शोभत होती, हीच पंचाईत. अण्णांनी टाचा जुळवून सॅल्यूट ठोकला. ह्यांनी उत्तरादाखल हात उचलला आणि मग टोपी काढून टेबलावर ठेवली, उलटी.

उद्या अकराला हॉस्पिटल. मी बरोबर जाणार आहे, डबा घेऊन. दरवर्षी ह्या सुमारास ह्यांचं पोट बिघडतं. जबलपूरच्या क्वार्टरमध्ये बिघडायचं, जामनगरलाही. एक दिवस काही म्हणजे काही खात नाहीत. मी ओवा देते. पावसाळी हवा. त्यात ह्या खेपेला इंटरव्ह्यूची धास्ती. उपाशीपोटी चक्कर आली तर काय, म्हणून दहीभात नेते.

१२ ऑगस्ट, सोमवार

जसं घडलं तसं लिहिते. आजच लिहायला हवं.

सकाळी ह्यांनी चहाही घेतला नाही. "पोट," म्हणाले. ओवा नको म्हणाले.

हॉस्पिटलात सुपरिंटेंडेंट विमला अम्मांच्या खोलीला हॉटेलात असतं तसं अर्धं दार. मी त्याच्याबाहेरच्या बाकावर, मांडीवर डबा. आतलं सगळं ऐकू येत होतं. खाली ह्यांचे पॉलिश केलेले बूट दिसत होते, टाचा जुळलेल्या. बोलणं कन्नडमध्ये.

"कॅज्युअल्टीचा अनुभव?"

"अठ्ठावीस वर्षं, मॅडम."

"अठ्ठावीस! मिलिटरी हॉस्पिटल?"

"नाही मॅडम. इन्फंट्री पलटण."

"मग तुमच्याकडे जखमी आणत?"

"जखमी क्वचित. लग्न झालेले जास्त."

पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मी डोळे मिटून घेतले. आता उठवतील, असं वाटलं. पण हे शांतपणे सांगत गेले. रजा, बढती, मूल, पार्ट टू ऑर्डर, सगळं. म्हणाले, "नोंद नसेल तर जवान गेल्यावर त्याच्या बायकोला पेन्शन मिळत नाही, मॅडम. ती बायको आहे हे सगळ्या गावाला माहीत असतं, फक्त कागदाला माहीत नसतं. म्हणून स्पेलिंग महत्त्वाचं."

विमला अम्मा हसत होत्या. "मिस्टर राव, पण आमच्याकडे कॅज्युअल्टी म्हणजे..."

"ठाऊक आहे, मॅडम. हॉस्पिटलात कॅज्युअल्टी म्हणजे काय, ते मला माहीत होतं. पण अठ्ठावीस वर्षांत माझ्या कामाचं नाव पेपरात छापलेलं पहिल्यांदा पाहिलं. मला तो शब्द काढा असं सगळे सांगत होते. म्हणून आलो. तुमचा वेळ गेला असेल तर माफ करा." बूट हलले.

पाच दिवस मी जे लपवत होते, ते ह्यांना माहीत होतं.

"बसा हो," विमला अम्मा म्हणाल्या. "हे आमचं रजिस्टर. बघा आणि सांगा."

पानं उलटल्याचा आवाज. मग ह्यांचा आवाज, पलटणीतला असावा तसा, मी कधी न ऐकलेला. "'पुरुष. पडला.' कोण पुरुष? कुठे पडला? किती वाजता? हे काय, 'म्हातारी, परत आली'? कुठून परत आली? मॅडम, हे लिहिणाऱ्याला शिक्षा झाली की नाही?"

"तो माझा भाचा."

"सॉरी, मॅडम."

"नका म्हणू सॉरी. दुबईला गेला, सुटलो." मग त्यांचा आवाज खाली आला. "राव, इथे माणसं रडत येतात. कुणाच्या मांडीवर बाप असतो, कुणाच्या हातात मूल. त्यांना थांबवून नाव, वय, पत्ता विचारावा लागतो. स्पेलिंग तुम्ही बरोबर लिहाल, माहीत आहे. पण ते विचारणं जमेल? तुम्ही लिहिलेली सर्वांत अवघड कॅज्युअल्टी कुठली?"

मला तालमीतलं उत्तर पाठ होतं. सगळं शांत होतं. मी डबा उचलून निघायच्या तयारीत बसले.

दाराखाली बुटांच्या टाचा पुन्हा जुळल्या.

"दोन होत्या, मॅडम. एकाच कागदावर. एकोणऐंशी साल, आम्ही अरुणाचलात. चार ऑगस्टला एका हवालदार क्लार्कला तार आली. एक तारखेला मुलगा झाला. त्याने अख्ख्या कंपनीला जिलेबी वाटली. आठवडाभर लोक त्याच्याकडून पार्ट्या उकळत होते. बारा ऑगस्टला पत्र आलं. मुलगा तीन तारखेलाच गेला होता. जिलेबी वाटली तेव्हा तो नव्हताच."

"अय्यो."

"जन्माची नोंद नसेल तर मृत्यूची करता येत नाही. म्हणून आधी जन्म, खाली मृत्यू. जन्माच्या नोंदीत नावाचा रकाना असतो. तो रिकामा ठेवला तर रेकॉर्ड ऑफिस कागद परत पाठवतं. बारसं झालेलं नव्हतं. मग क्लार्कनेच नाव ठेवलं आणि टाइप केलं."

"त्या बापाला न विचारता?"

"मीच होतो, मॅडम."

पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती.

"काय नाव ठेवलंत?"

"यशोवर्धन." आणि ह्यांनी स्पेलिंगही सांगितलं, एकेक अक्षर सावकाश. ते कुणी विचारलं नव्हतं.

मी डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. एक ऑगस्ट ते बारा ऑगस्ट, बोटांवर मोजलं. एकदा चुकले असेन म्हणून परत मोजलं. बारावा दिवस येतो, बारशाचा.

हे बाहेर आले. "सोमवारपासून. नऊ ते पाच."

"टेबल आहे का?"

"आहे. एक पाय डुगडुगतो. घडी घालून पुठ्ठा ठेवला की झालं." मग डब्याकडे पाहिलं. "मला आज नको. पोट..."

"सरी," मी म्हटलं. ओव्याचं नाव काढलं नाही. घरापर्यंत चालत आलो. मीही जेवले नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी हे नळाचं नवं वॉशर बसवत होते. मी पाना धरून शेजारी बसले आणि सरळ म्हटलं, "काल दार अर्धंच होतं."

ह्यांचे हात थांबले. म्हणाले, "मला वाटलंच. डब्याचं झाकण वाजत होतं."

"मला कधीच का नाही सांगितलंत?"

"तू तीन तारखेला दिवा लावतेस. मी तीन तारखेला काय करू, संयोगिता? मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी आमची व्हॉलीबॉलची मॅच होती. मी हसत होतो. मला बारा तारखेला कळलं." मग पाना घेतला, दोन वेटे मारले. "तुझ्या तारखेत मला शिरता येईना. आणि माझी तारीख तुला काय सांगायची?"

नळ गळायचा थांबला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो, जणू तो अजून काही बोलणार आहे.

"यशोवर्धनच का पण?" मी विचारलं.

"तूच लिहिलं होतंस. आधीच्या पत्रात. मुलगा झाला तर यशोवर्धन, विराट किंवा नागनाथ."

मी ते साफ विसरले होते. "त्यातलं हेच का निवडलंत?"

"यादीत पहिलं होतं." डोळे पुसून हे म्हणाले, "सिनिऑरिटी."

मी इतकी हसले की सौम्या धावत बाहेर आली. आई-बाप नळाशी बसून एकाच वेळी हसताहेत आणि रडताहेत हे बघून तिने आधी नळ तपासला.

१५ ऑगस्ट, गुरुवार

उमाकांत अण्णा युनिफॉर्म परत न्यायला आले. बातमी ऐकून खूश झाले, मग टोपी हातात घेऊन हळहळले. "काय शोभत होती, साब." शिट्टी सौम्याने ठेवून घेतली. मी गांधी बझारातून पाव किलो मैसूरपाक आणून अण्णांच्या हातावर ठेवला. "अक्का, नोकरी लागल्यावर जिलेबी देतात," ते म्हणाले. मी म्हटलं, "आमच्याकडे नाही."

हे टेबलावरचे कागद आवरत होते, त्यांनी वर पाहिलं. एवढंच.

१९ ऑगस्ट, सोमवार

पहिला दिवस. पाच वाजून वीस मिनिटांनी हे घरी आले आणि क्रमाने सांगितलं.

एक. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा ठेवला. डुगडुगत नाही.

दोन. अकरा जण आले. एक जण शिडीवरून पडलेला, एकाला मधमाश्या चावलेल्या. एका आजोबांनी वय विचारलं तर लग्नाचं साल सांगितलं. ह्यांनी तेही लिहिलं. विमला अम्मा म्हणाल्या, "राव, लग्न इथे लिहायचं नसतं." हे म्हणाले, सवय आहे, मॅडम, जाईल हळूहळू.

तीन. साडेतीनला हॉस्पिटलच्या दारातच एक बाई रिक्षात बाळंत झाली. मुलगी. रिक्षावाला आईपेक्षा जास्त ओरडत होता. ह्यांनी वेळ लिहिली, आईचं नाव लिहिलं. बाळाचा रकाना आला तर नर्स म्हणाली, तिथे नुसतं 'बेबी ऑफ' लिहून आईचं नाव घालायचं, नाव मागाहून ठेवतात.

"असं चालतं इथे," हे मला म्हणाले. "रकाना रिकामाही राहत नाही आणि घाईही होत नाही." चहाचा कप बराच वेळ नुसता हातात धरून बसले. "चांगली पद्धत आहे."

मी उद्या दुपारी डबा पोचवायच्या निमित्ताने जाणार आहे. अर्ध्या दारामागून नाही, समोरून. ह्यांना टेबलाशी बसलेलं बघायचं आहे.

मघाशी हे आंघोळीला गेले तेव्हा ही डायरी मागे उलटली. तीन ऑगस्टचं पान काढलं. पहिलंच वाक्य चुकलं होतं. गिरवलं नाही. "बाळाचा" ह्या शब्दावर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर "यशोवर्धनचा" लिहिलं आणि बाजूला सही केली.